एकट्याची लोडेड राइड: मडगाव–रिवण–नेत्रावळी–सांगे, एका दिवसाचा आराखडा तपासून द्या

डिचोलीकर

सहा दिवसांच्या सोलो टूरमधला चौथा दिवस इथे मांडतोय, कारण बाकीचे पाच सरळ आहेत आणि याच दिवसाची खात्री वाटत नाही. जानेवारीचा शेवटचा आठवडा. मडगावहून पारोडामार्गे केपे, मग तिळामळ, जांबावली, रिवण, वाटेत उसगाळीमळची कातळशिल्पं, नेत्रावळीला जेवण, तिथून साळावलीच्या बाजूने सांगे. एकूण साठ-पासष्ट किमी. सांग्यात मुक्काम. पाचव्या दिवशी मोले, सहाव्या दिवशी अनमोड घाट चढून लोंढ्याकडे.

सायकल हायब्रिड आहे. पेडलजवळच्या दात्यांच्या चकत्या ५०/३४, मागची कॅसेट (मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच) ११–२८ आठ स्पीड, ७००×३५ टायर, केबलवाले डिस्क ब्रेक, मागच्या कॅरिअरला दोन पॅनिअर (बाजूला लटकणाऱ्या पिशव्या). सामान १४ किलो, सायकल १४, मी ७२. म्हणजे बरोबर १००. पाणी दीड लिटर.

आठला निघून तीनपर्यंत सांगे गाठायचा विचार आहे. प्रश्न असा की पासष्ट किमी फार कमी होतात का? सांग्याऐवजी त्याच दिवशी थेट मोले गाठलं तर एक दिवस वाचेल.

सांगेचो_भुरगो

मोल्याचं आधी मनातून काढून टाका.

गोव्याच्या आतल्या भागात किलोमीटर हे मापच चुकीचं आहे. घाट लांब असतो, पण तो रस्ता ट्रकसाठी आखलेला असतो, त्यामुळे चढ एका लयीत जातो. गावागावांना जोडणारे रस्ते मात्र जुन्या पायवाटांवर डांबर टाकून झालेले. व्हाळ (ओढा) आला की खाली, व्हाळ ओलांडला की सरळ टेकाडावर. शंभर-दीडशे मीटर लांबीचा, १० ते १२ टक्क्यांचा चढ, मग तेवढाच उतार, खाली अरुंद पूल किंवा मोरी, पुन्हा चढ. उतारात मिळालेला वेग पुढच्या चढाला वापरावा म्हटलं तर नेमकं तळाशी वळण किंवा गुरं. एकूण चढाई कागदावर किरकोळ दिसते, पाय मात्र दर वेळी शून्यापासून सुरू करतात.

तुमच्या मार्गाचे तीन तुकडे पाडा. मडगाव ते केपे सपाट, शेतांमधून जाणारा आणि सकाळी आठनंतर गाड्यांनी भरलेला. (पावसाळ्यात कोणी हा धागा वाचत असेल तर: पारोड्याला कुशावती रस्त्यावर येते, तेव्हा हा मार्ग धरू नका.) केपे ते रिवण हलके चढउतार, जांबावलीला दामोदराच्या देवळापाशी नदी आणि सावली. रिवणच्या पुढे खरा दिवस सुरू होतो. झाडी दाट, वस्ती विरळ, दुकानं तुरळक. नेत्रावळी ते सांगे हा तुकडा लोक गृहीत धरतात, कारण नकाशावर धरणाचं पाणी बाजूला दिसतं आणि सपाट असेल असं वाटतं. जलाशयाच्या काठाने जाणारा रस्ता सपाट नसतो. पाण्यात उतरणारी प्रत्येक डोंगरसोंड तो चढतो आणि उतरतो. आणि हा तुकडा तुम्ही भर दुपारी, जेवून, ऊन तापलेलं असताना धरलाय.

स्पोक_ताणा

तुमच्या यादीत सगळ्यात मोठी अडचण ११–२८ ही आहे. बाकी सगळं त्यानंतर.

हिशोब मांडतो. ७००×३५ चाकाचा घेर साधारण २.१७ मी. ३४/२८ ला, म्हणजे पुढे ३४ आणि मागे २८ दाते, पेडलच्या एका फेरीत सायकल २.६४ मी पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या ठेवायच्या तर वेग ताशी ९.५ किमी लागतो. १०० किलो घेऊन १२ टक्क्यांच्या चढावर तो वेग ठेवायला सुमारे ३३० वॅट लागतील. सराव असलेला हौशी माणूस ते मिनिट-दीड मिनिट देईल, दिवसभरात वीस वेळा देणार नाही. मग फेऱ्या ४० वर येतात, वेग ६.३, ताकद २२० वॅट. हे जमतं, पण प्रत्येक फेरीत गुडघ्यावर जोर येतो आणि सायकल डोलायला लागते.

मागे ११–३४ टाकलीत तर ३४/३४ ला एका फेरीत २.१७ मी. ६० फेऱ्यांना ताशी ७.८ किमी, १२ टक्क्यांवर साधारण २७० वॅट. ५० फेऱ्यांवर आलात तर ६.५ किमी, २२५ वॅट, आणि तरीही पाय फिरते राहतात. पुढे लहान २६ आणि मागे ३६ असेल तर ६० फेऱ्यांना ताशी ५.६ किमी आणि २०० वॅटच्या आत. लोड घेऊन फिरणाऱ्यांनी खरं तर तिथवर जायला हवं.

कॅसेट बदलताना तीन गोष्टी बघा. पहिली, मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणारा भाग. रोडचा आखूड पिंजऱ्याचा असेल तर तो सहसा २८–३० दात्यांपर्यंतच घेतो. शिमानोचा आठ-नऊ स्पीडचा लांब पिंजऱ्याचा अल्टस, एसेरा किंवा अलिव्हिओ ३४ सहज घेतो आणि तुमच्या आठ स्पीडच्या शिफ्टरशी जुळतो. दुसरी, चेनची लांबी. जुनी चेन तशीच ठेवून मोठी कॅसेट टाकली आणि चुकून पुढे ५०, मागे ३४ लागलं तर चेन ताणून डिरेलर हँगरसकट (तो फ्रेमला जोडणाऱ्या पट्टीसकट) मोडतो. डिरेलरमधून न घालता चेन मोठ्या-मोठ्या दात्यांवर गुंडाळा आणि जिथे जुळते त्यापुढे एक इंच, म्हणजे दोन कड्या जास्त ठेवा. तिसरी, बी-स्क्रू, डिरेलर दात्यांपासून दूर-जवळ करणारा. वरचं छोटं चाक ३४ ला घासत असेल तर तो आत घ्या, साधारण ५–६ मिमी फट हवी.

डिचोलीकर

बघितलं. डिरेलर आखूड पिंजऱ्याचाच निघाला. म्हणजे कॅसेट, डिरेलर, चेन, तिन्ही. निघायला बारा दिवस आहेत.

स्पोक_ताणा

बारा दिवस पुरेसे आहेत, पण निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका. नवी केबल पहिल्या ५०–१०० किमीत थोडी सैल होते, गिअर मधल्यामधे उड्या मारतात. बॅरल अ‍ॅडजस्टर (केबलचा ताण बदलणारी खुंटी) पाव-पाव फेरी फिरवून जमतं, पण ते घराजवळ होऊ दे. आणि बदल करताना हँगरची दिशा तपासून घ्या. सायकल उजव्या अंगावर एकदा जरी पडली असेल तर हँगर आत वळलेला असतो, मग मोठ्या दात्यावर जाताना पिंजरा स्पोकमध्ये शिरतो. तुमच्या फ्रेमचा सुटा हँगर विकत घेऊन सामानात टाका. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, वाटेत मिळणार नाही.

आज्जीची_पेज

गिअर होईल. आठला निघणं आणि दीड लिटर पाणी या दोन गोष्टी मला जास्त खटकल्या.

जानेवारीअखेर सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पावणेसातला पुरेसं दिसतं. मागे लाल दिवा लावून पावणेसातला मडगाव सोडा. सकाळचं हवामान १९–२० अंशांचं असतं, दुपारी ३२–३३. आकडा मोठा वाटत नाही, पण आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि वाळला नाही तर तो थंडावा देत नाही. त्यात चढावर वेग सहा-सात किमी, म्हणजे अंगाला वारा नाही. देशावर ३६ अंशांत चालणारी माणसं इथे ३२ ला गळून पडतात ती यामुळे.

चढावर तासाला एक लिटर घाम जातो असं धरा, जास्तही जाईल. रिवण सोडताना तीन लिटर हवंच: फ्रेमवर ७५० मिलीच्या दोन बाटल्या आणि पॅनिअरमध्ये दीड लिटरची एक. जास्त नको, वजन तेवढंच चढवायचं असतं.

नुसतं पाणी पीत राहिलं की दुपारी डोकं जड होतं, मळमळतं, आणि माणूस आणखी पाणी पितो. कमी झालेलं असतं मीठ. ओआरएसची २०.५ ग्रॅमची पुडी एका लिटरसाठी असते. ती अर्ध्या लिटरच्या बाटलीत घालू नका, दाट झालं तर उलट जुलाब होतात. पुडी नसेल तर एक लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दिवसाला दोन पुड्या धरा.

खाण्याचं म्हणाल तर गोव्याची वेळ सांभाळा. सकाळी सहा-साडेसहापासून चहाच्या हॉटेलांत भाजी-पाव मिळतो. केप्यात पोट भरून घ्या: पातळ भाजी, सुकी भाजी, दोन पाव किंवा पोळे, वर गोड चहा. तळलेली मिरची आणि भजी टाळा, चढावर वर येतात. दुपारी एक ते चार दुकानं बंद. हे बाहेरच्यांना सांगावं लागतं, तुम्हाला सांगायला नको. पण टूरच्या आराखड्यात डिचोलीचे लोकही ते विसरतात. नेत्रावळीत जेवायचं तर आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवा. सांगितलेलं नसेल तर दीड वाजता शीत (भात) संपलेलं असू शकतं. म्हणून रिवणहून निघताना चार पाव, चार केळी, दोन उकडलेली अंडी, शेंगदाण्याची चिक्की पॅनिअरमध्ये हवी. हे जेवण मिळालं तर संध्याकाळी कामाला येतं.

आणि कुठे पेज मिळाली तर नाही म्हणू नका. उकड्या तांदळाची पेज आणि चेपणीचं तोर (मिठात मुरवलेली कैरी). पाणी, पिष्ट आणि मीठ एका वाटीत, पोटाला जड नाही. सायकलवाल्यांसाठी याहून बरं दुपारचं जेवण बाजारात विकत मिळत नाही. सुंगटांची (कोळंबीची) कढी-भात रात्री सांग्यात खा.

जांभा

पाणी, गिअर झालं. आता लाल माती.

जांभ्याची धूळ म्हणजे लोहाच्या ऑक्साइडची बारीक, कडक पूड. तेलकट चेनवर ती बसली की पॉलिशपेपरसारखी लेई तयार होते आणि पिना, रोलर झिजवते. कुडचडे–सावर्डे भागात खनिजाची वाहतूक सुरू असेल तर रस्त्याच्या कडेला या धुळीचा थर असतो आणि वळणांवर सांडलेले खडे. रोज संध्याकाळी कोरड्या फडक्यात चेन धरून पेडल उलटं वीस फेऱ्या फिरवा, मग प्रत्येक रोलरला एक थेंब, दहा मिनिटांनी पुन्हा पुसा. बाहेरून चेन कोरडी दिसायला हवी. चकचकीत ओली चेन इथे चुकीची आहे.

झीज मोजायला फुटपट्टी पुरते. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा, बारा इंचांवर चोविसावी पिन बरोबर यायला हवी. १/१६ इंच पुढे गेली तर चेन बदलायला आली, १/८ इंच गेली तर कॅसेटही गेली समजा. तुम्ही नवी टाकताय म्हणून हा प्रश्न या वेळी नाही.

स्पोक_ताणा

थेंबाथेंबाचं तेल कशाला? मेण लावा. धूळ चिकटतच नाही.

जांभा

मेण चांगलंच, पण त्याआधी चेन पूर्ण धुवून कोरडी करून, वितळलेल्या मेणात बुडवावी लागते. घरून लावून निघालात तर कोरड्या हवेत काहीशे किमी जाईल. चौथ्या दिवशी व्हाळात चेन भिजली, किंवा पहाटेच्या दवात सायकल बाहेर राहिली, की मेणाची चेन कुरकुरायला लागते आणि वाटेत पुन्हा बुडवायची सोय नसते. सहा दिवसांच्या टूरला ३० मिलीची ड्राय ल्यूबची (कोरड्या हवेसाठीच्या चेन-तेलाची) बाटली आणि जुना बनियन, एवढं बरं. सहा महिन्यांच्या रोजच्या वापराला मेण. यावर आणखी वाद नको, प्रत्येकाची चेन आणि प्रत्येकाची श्रद्धा.

ब्रेकचं जास्त महत्त्वाचं आहे. केबलवाल्या साध्या डिस्क कॅलिपरमध्ये बाहेरचं एकच पॅड हलतं. ते चकतीला ढकलून आतल्या स्थिर पॅडवर दाबतं. पॅड झिजले की लोक फक्त केबल ओढत राहतात. त्यामुळे चकती दर वेळी जास्त वाकते, लिव्हर मऊ लागतो आणि एक दिवस हँडलला टेकतो. आधी आतल्या पॅडची खुंटी किंवा ५ मिमी अ‍ॅलनचा स्क्रू फिरवून ते पॅड चकतीपासून कागदाच्या जाडीवर आणा, मग केबल. घासण्याचा थर १ मिमीच्या खाली असेल तर निघण्याआधी पॅड बदला, आणि एक जोडी सोबत ठेवा. पॅडचा आकार कॅलिपरनुसार बदलतो, म्हणून जुनं पॅड दुकानात दाखवून घ्या. रेझिनचे पॅड शांत, पण ओल्या लाल चिखलात भराभर झिजतात. धातूमिश्रित जास्त टिकतात, पण चकतीवर 'रेझिन ओन्ली' लिहिलं असेल तर चालत नाहीत. जानेवारीत कोरड्यात रेझिन चालतील.

हात लिव्हरवर कसा ठेवायचा हेही सांगतो, कारण सहाव्या दिवसानंतर केव्हातरी घाट उतरायचाच आहे. १०० किलो ६०० मीटर खाली आणायचं म्हणजे सुमारे ५९० किलोज्यूल ऊर्जा. तेवढ्यात दोन लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळेल. ती एकतर वाऱ्याला द्यायची, नाहीतर ब्रेकला. सबंध घाट ब्रेक अर्धवट दाबून ताशी वीसने उतरणारा माणूस जवळजवळ सगळी उष्णता चकतीत ओततो. सरळ भागात सोडा, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात, वेग पडला की पुन्हा सोडा. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबू नका, विशेषतः पुढचा, कारण नेमकं तिथेच खडी असते. करपल्यासारखा वास आला किंवा लिव्हर खोल जायला लागला तर थांबा, पाच-दहा मिनिटं. चकतीवर पाणी ओतू नका, वाकते. बोट लावून बघू नका, हे वेगळं सांगायला नको. तरी लोक लावतात.

रिम ब्रेकवाल्यांसाठी एक ओळ: हीच उष्णता रिममध्ये जाते, ट्यूब फुटते, आणि ब्रेकशूमध्ये रुतलेले जांभ्याचे कण रिम खरवडतात. ते सुईने उकरून काढा.

डिचोलीकर

टायर प्रेशर? आणि माझ्या ट्यूबला बारीक, प्रेस्टा वॉल्व्ह आहे. पेट्रोल पंपावर भागेल ना?

स्पोक_ताणा

नाही भागणार. पंपावरचं तोंड मोटरसायकलच्या जाड वॉल्व्हचं. पितळेचा छोटा अडॅप्टर मिळतो, दोन घ्या, एक हरवतो. गावातल्या सायकल दुकानाचा पंप तिसऱ्याच प्रकारच्या वॉल्व्हचा असतो, आपल्या जुन्या काळ्या सायकलींच्या, आतल्या रबरी नळीवाल्या. स्वतःचा हातपंप सोबत हवाच. लहान गावात ७००ची ट्यूब मिळेल असं धरून निघू नका. दोन नव्या ट्यूब, सहा पॅच, सोल्यूशन न फोडलेलं. एकदा फोडलेली सोल्यूशनची नळी महिनाभरात आत सुकते आणि ते रस्त्यावरच कळतं.

३५च्या टायरला १०० किलोत मागे ६० ते ६५ पीएसआय, पुढे ४५ ते ५०. लोक मागे ८५ भरतात. त्याने सायकल खड्ड्यावर उड्या मारते, कॅरिअरचे नट सैल होतात, स्पोक तुटतात. उलट मागे ४५ वर आणलं तर खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमला चेपून सापाच्या दाताच्या खुणांसारखी दोन भोकं पडतात.

सगळं १४ किलो मागे ठेवू नका. १२ टक्क्यांवर पुढचं चाक हलकं होतं आणि हळू वेगात हँडल डावी-उजवीकडे जातं. हत्यारं, ट्यूब, पाणी फ्रेमच्या त्रिकोणात आणि दोन-तीन किलो हँडलच्या बॅगेत. पॅनिअरमध्ये जड वस्तू तळाशी, अ‍ॅक्सलजवळ. कॅरिअरचे ५ मिमीचे बोल्ट रोज सकाळी पाना लावून बघा, दोन जादा ठेवा, आणि आठ-दहा केबल टाय.

स्पोक तुटला तर बहुधा मागच्या चाकाचा, कॅसेटच्या बाजूचाच तुटतो. तो बदलायला कॅसेट काढावी लागते, रस्त्यात ते होत नाही. तुटलेला स्पोक शेजारच्याला गुंडाळा, दोन्ही शेजारच्या स्पोकच्या निपल (रिमपाशी स्पोक ताणणारे नट) अर्धा फेरा सैल करा. चाक फ्रेमला घासत नाही ना एवढं पाहा. डिस्क असल्यामुळे ब्रेक घासत नाही, हा तुमचा फायदा. मागच्या कॅरिअरवरचं सामान पुढे घ्या आणि हळू सांगे गाठा. धाग्याचा बनलेला तात्पुरता स्पोक मिळतो, तो कॅसेट न काढता बसतो. पंधरा ग्रॅमसुद्धा नसेल.

डिरेलरच मोडला तर चेन तोडून आखूड करा, पुढे ३४ आणि मागे मधला २१–२४ चा दाता, चेन जेमतेम ताणलेली. एका गिअरवर सांगे येतं, मोठे चढ चालत. त्यासाठी चेन टूल आणि आठ स्पीडच्या दोन क्विक-लिंक. क्विक-लिंक स्पीडप्रमाणे वेगळी असते, दहाची आठला बसत नाही.

माट्टी

जंगलाचं कोणी बोललं नाही म्हणून.

नेत्रावळी अभयारण्य आहे, सुमारे २११ चौ. किमी. डांबरी मुख्य रस्त्याने जायला कोणी अडवत नाही. सावरी धबधब्याकडे किंवा आतल्या पायवाटांवर जायचं तर वनखात्याच्या केंद्रात नोंद आणि शुल्क. तंबू ठोकून जंगलात राहणं नाही, चूल पेटवणं तर नाहीच. फेब्रुवारीपासून पालापाचोळा इतका वाळतो की एक ठिणगी पुरते.

नकाशाचं ॲप नेत्रावळीपुढे वेर्ले, तुडव, साळगिणीकडे जाणारा रस्ता दाखवतं. गावं सुंदर, पण रस्ता डोंगरावर सरळ चढतो, आणि लोडेड सायकलने तो वेगळ्या दिवसाचा विषय आहे. ॲपमधला "सायकल" पर्याय तर कच्च्या वाटांना प्राधान्य देतो. कारचा पर्याय लावून मार्ग काढा, ऑफलाइन उतरवून घ्या आणि गावांची नावं क्रमाने एका चिठ्ठीवर लिहून हँडलला चिकटवा. रिवणपुढे नेटवर्क जातं-येतं. नेटवर्क शोधत राहणारा फोन बॅटरी खातो. विमान मोडवर टाकला तर जीपीएस चालू राहतो.

एकट्याने जाताना निरोपाची पद्धत ठरवून घ्या. घरच्या एकाच माणसाला केपे, रिवण, नेत्रावळी, सांगे या चार ठिकाणांहून संदेश. त्याला आधीच सांगा की दोन ठिकाणांमध्ये तीन तासांपर्यंत गप्प राहणं साहजिक आहे. सहापर्यंत सांग्याचा संदेश नाही आला तर त्याने ११२ ला फोन करायचा आणि मार्ग सांगायचा. रुग्णवाहिकेला १०८. परतीचा सोपा मार्ग म्हणजे सांग्याहून आठ-दहा किमीवर कुडचडे, तिथलं रेल्वे स्टेशन किंवा मिनी पिकअप.

आता प्राणी. गवे पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात. सायकल आवाज करत नाही, म्हणून वळणावर अचानक समोर येण्याचा धोका गाडीपेक्षा आपल्याला जास्त. घंटी वाजवा. कळप दिसला तर पन्नास-साठ मीटर आधी थांबा, मध्ये शिरू नका, बाजूने फोटो तर नकोच. माकडं दिसतील तिथे खाण्यासाठी थांबू नका. पॅनिअरचं बकल त्यांना उघडता येतं. कुत्री मागे लागली तर उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत राहा. चढावर त्यांच्याहून जोरात जाणं तुमच्या ३४/३४ ला जमणार नाही.

गोचीड हा विषय गंमतीचा नाही. सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीजची साथ आली होती. गोचिडीच्या चाव्याने होतो, हंगाम साधारण डिसेंबर ते मे. तुमचा हा दिवस सांगे तालुक्यातला, पण टूर डिचोलीहून सुरू होते आणि बाजूला सत्तरी आहे. म्हणून पूर्ण टूरला एकच नियम: पाल्यावर आडवं व्हायचं नाही, विश्रांती कातळावर, पारावर किंवा देवळाच्या सोप्यात. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवायचं. रात्री आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत बघायचं. नंतरच्या आठ-दहा दिवसांत जोराचा ताप आला तर डॉक्टरांना "जंगलात होतो" हे आपणहून सांगायचं.

जांभा

उसगाळीमळबद्दल पुरवणी. रिवणहून नेत्रावळीकडे जाताना फाटा लागतो, शेवटचा भाग कच्चा. कातळशिल्पं कुशावतीच्या काठावर जांभ्याच्या सपाट पठारावर आहेत, १९९३ मध्ये उजेडात आली. बैल, हरणं, चक्रव्यूहासारखी वर्तुळं, सगळं पायाखालीच. क्लीटचे बूट (तळव्याला पेडलमध्ये अडकणारी पट्टी असलेले) असतील तर काढा. धातूचा क्लीट ओल्या जांभ्यावर साबणासारखा घसरतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोरीव रेषा झिजतात. सायकलही कातळावर नेऊ नका. रेषा नीट दिसतात त्या तिरप्या उन्हात, म्हणजे नऊच्या आधी किंवा चारनंतर. अकराला गेलात तर पाणी शिंपडून बघायचा मोह होतो. नका करू.

क्लीट की साधे पेडल, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगतो: या मार्गाला साधे रुंद पेडल आणि जाड तळव्याचे बूट. १२ टक्क्यांवर वेग चारवर आला की पाय पटकन खाली टेकता आला पाहिजे.

डिचोलीकर

देव बरें करूं सगळ्यांचं. मोले रद्द. बदललेला आराखडा:

पावणेसातला मडगाव. पावणेआठला केपे, भाजी-पाव, पाणी. नऊला जांबावली. साडेनऊला रिवण, तीन लिटर पाणी, पाव-केळी. दहा ते पावणेअकरा उसगाळीमळ. साडेबाराला नेत्रावळी, फोन करून ठेवलेलं जेवण, तीनपर्यंत आराम. पाचला सांगे. कॅसेट ११–३४, लांब डिरेलर, नवी चेन, पॅड, हँगर. सामान ११ किलोवर आणलंय: दुसरा टॉवेल, जड कुलूप आणि पुस्तक गेलं.

सांगेचो_भुरगो

बरं आहे. तीन बदल.

कातळशिल्पांसाठी अर्धा तास आधी पोचायचं तर सव्वासहाला निघा, पुढेमागे दोन्ही दिवे लावून. मडगाव–केपे तुकडा त्या वेळी मोकळा मिळतो, त्यानंतर शाळेच्या बस सुरू होतात. त्यांना ओव्हरटेक करायची घाई असते आणि रस्त्याला खांदा नाही.

कुलूप पूर्ण काढू नका. दीड मीटरची बारीक केबल आणि छोटं टाळं पुरतं, २०० ग्रॅम. नेत्रावळीला बुडबुड्यांच्या तळीपाशी उतरलात तर सायकल पायऱ्यांवरून खाली नेता येत नाही.

आणि तीन वाजता निघताना पहिले दोन किमी सगळ्यात हलक्या गिअरवर, कितीही सोपं वाटलं तरी. जेवणानंतर रक्त पोटात असतं आणि तिथला पहिलाच चढ पाय थंड असताना येतो. साळावलीचं धरण बघायचं ते सगळ्यात शेवटचं काम समजा. जानेवारीत बदकाच्या चोचीसारख्या सांडव्यावरून पाणी पडत नाही, ते दृश्य पावसाळ्यातलं. पाचव्या दिवशी सकाळी सांग्याहून रिकाम्या सायकलने जाऊन या, पाचेक किमी आहे.

आज्जीची_पेज

सव्वासहाला निघालात तर मडगावात हॉटेल उघडलेलं असेलच असं नाही. पोदेर (पाववाला) मात्र त्या वेळी सायकलवरून फिरत असतो. भोंपू ऐकू आला की दोन उंडे (गोल पाव) घ्या, आदल्या रात्री चार चमचे शेंगदाण्याचं बटर डबीत भरून ठेवा. केप्यापर्यंत तेवढ्यावर होतं.

डिचोलीकर

घेतलं लिहून. डिरेलर परवा बसतोय. पन्नास किमी चालवून केबल बसली की हँगरचं काय निघालं ते इथेच टाकतो.